यमुनाअक्काचं चौथं प्रकरण

यमुनाअक्काच्या घरात शिरताना कोणी जातगोत विचारत नसे, लोखंड विचारत असे. सप्तापूरच्या त्या बैठ्या घराच्या मागच्या खोलीपाशी पाऊल वाजलं की आतून आवाज यायचा, "तडी!" तडी म्हणजे कन्नडमध्ये थांब. मग अक्का स्वतः दारात येऊन झडती घ्यायची. "किल्ल्या? पिना? घड्याळ? छत्री तर नाही ना आणलीस?" एकेक वस्तू काढून अंगणातल्या कट्ट्यावर ठेवायची आणि मगच आत जायचं. माझ्या ब्लाउजच्या हुकांवरून आमचं पहिलं भांडण झालं. तिच्या सगळ्या ब्लाउजांना शिंपल्याची बटणं होती. मी म्हटलं, "अक्का, एवढ्याशा हुकांनी काय होतंय?" ती म्हणाली, "तुला काही होत नाही ग, माझ्या चुंबकाला होतंय." शेवटी उंबऱ्याजवळच्या पाटावर बसायची परवानगी मिळाली आणि पुढची सात-आठ वर्षं ती माझी जागा राहिली.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी बेळगावहून धारवाडच्या सरकारी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला आले, तेव्हा त्या घराचा पुढचा भाग मला भाड्याने मिळाला. मागच्या भागात ही. आडनाव इनामदार, विषय पदार्थविज्ञान, माझ्याच कॉलेजात, माझ्याहून पंधरा-एक वर्षांनी मोठी. लग्न केलेलं नव्हतं. का, असं कोणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायची, वाळत घातलेले कपडे आत आणायचे राहून जावेत इतक्या सहज. अंगाने किरकोळ, आवाज मात्र असा की स्टाफरूममध्ये ती हळू बोलली तरी पोर्चमध्ये शिपाई उठून उभा राहायचा.

मागच्या खोलीत होतं काय, तर छताच्या तुळईला रेशमाच्या एका धाग्याने टांगलेला छोटा चुंबक, त्याला चिकटवलेला आरशाचा तुकडा, आणि समोर एक पितळी समई. समईचा उजेड एका फटीतून आरशावर पडे आणि आरशावरून समोरच्या भिंतीवर एक उजळ ठिपका उठे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जरासं जरी हललं तरी ठिपका भिंतीवर सरके. अक्का सकाळी कॉलेजला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर ठिपक्याच्या जागी पेन्सिलीने भिंतीवर रेघ मारी आणि बाजूला तारीख घाली. सुट्टीच्या दिवशी दिवसभर तिथेच बसून असे. आत समई, टांगलेला धागा आणि बाहेर एवढं कडक सोवळं, तेव्हा गल्लीतल्या बायकांची खात्री होती की ती कसलंतरी अवघड व्रत करते. एकीने तर मला उद्यापन कधी आहे म्हणून विचारलं होतं.

घरमालक बसप्पा दिवाळीच्या तोंडावर चुना घेऊन आला तेव्हाचा प्रसंग मी उंबऱ्यावरून पाहिला आहे.

"अक्कार, भिंत माझं आहे ओ," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "किती रेघा मारलाय बघा की. शाळेतली पोरंसुद्धा असं करत नाहीत."

"भिंत तुमची, रेघा माझ्या," अक्का म्हणाली. "चुना मारायचाय तर रेघा सोडून मारा."

"रेघा सोडून कसं मारायचं?"

"मग बाकीच्या तीन भिंती मारा. मी नको म्हटलं का?" एवढं बोलून तिने खुर्ची ओढून रेघांच्या भिंतीला टेकवली आणि वर बसून पेपर तपासायला घेतले. खुर्ची अर्थातच वेताची. बसप्पा ब्रश घेऊन उरलेल्या तीन भिंतींकडे वळला. त्यानंतर दर दिवाळीला त्या खोलीच्या तीनच भिंती पांढऱ्या होत.

हे सगळं कशासाठी, ते मला कळायला वेळ लागला, कारण मला झाडांच्या पलीकडचं फारसं कळत नाही आणि अक्काला कमी शब्दांत सांगता येत नसे. सूर्य उन्हाशिवाय आणखीही काही सोडत असतो. विजेचा भार असलेले अगदी बारीक कण, अखंड, सगळीकडे, सेकंदाला शेकडो किलोमीटरच्या वेगाने. त्याला सौरवारा म्हणतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला आडवं येतं, आणि तो वारा तिला वळसा घालून पुढे जातो. तेव्हाच्या आमच्या क्रमिक पुस्तकांत पृथ्वीभोवती एक बंद रेघ काढलेली असे, आत आपण आणि बाहेर वारा. प्रश्न एवढाच की ही रेघ भिंतीसारखी पक्की असेल तर चुंबकीय वादळं होतात कशी? ध्रुवांकडच्या आकाशात रंगीत उजेड नाचतो तो कशाने? म्हणजे कण कुठूनतरी आत येतात. कुठून, यावर अक्काने आपलं आयुष्य लावलं होतं.

तिचं उत्तर ती दोऱ्यांनी समजवायची. आईच्या जुन्या इरकली लुगड्याच्या पदरातून काढलेलं रेशीम असायचं, एक लाल, एक पांढरं. लाल दोरा पृथ्वीच्या चुंबकीय रेषेचा. पांढरा वाऱ्याचा, कारण सौरवारा सूर्याचं थोडं चुंबकत्व बरोबर घेऊन येतो आणि त्याची दिशा सारखी बदलत असते. पुढच्या, म्हणजे सूर्याकडच्या, बाजूला पृथ्वीच्या क्षेत्राचं तोंड उत्तरेला. वाऱ्याचंही उत्तरेला असलं तर दोघे शेजारी शेजारी राहतात. पण त्याचं दक्षिणेला झालं की दोन उलट्या दिशा एकमेकींना भिडतात. इथे अक्का दोन्ही दोरे जवळ धरून मधोमध दाताने तोडायची. कात्री त्या खोलीत चालत नव्हती. मग लालच्या वरच्या तुकड्याला पांढऱ्याचा वरचा तुकडा आणि खालच्याला खालचा, अशा दोन गाठी मारायची.

"आता सांग, ह्या दोऱ्याचं एक टोक कुठं आहे?"

"पृथ्वीत."

"आणि दुसरं?"

"वाऱ्यात."

"मग कशाला कोण भिंत फोडत बसेल? दोरा धरून सरळ खाली उतरतील की." आणि ती पांढरं टोक ओढून दाखवायची. लाल दोरा मागे मागे जाई. "वारा असं ओढून मागं नेतोय. पृथ्वीच्या पाठीमागं लांब शेपूट होतंय, तिथं परत जोडतंय, आणि कण पाठीमागून येऊन आपटतात. पुढच्या दारानं यायचं ते सोडून मागच्या दारानं. आपल्या पाहुण्यांसारखं."

ही कल्पना तिची नव्हती. परदेशातल्या कोणीतरी ती आधी मांडली होती आणि तिकडेही त्यावर हमरीतुमरी चालू होती. अक्काचं स्वतःचं काय होतं, तर भिंतीवरच्या रेघा. सौरवाऱ्याचा जोराचा धक्का बसला की ठिपका एकदम डावीकडे उडी मारी. त्यानंतर काही वेळा तो हळूहळू उजवीकडे उतरत उतरत कुठल्या कुठे जाई, ते वादळ. पण काही वेळा उडी मारून नुसता तिथेच थांबे आणि मुकाट जागेवर येई. विद्यापीठाच्या लायब्ररीत परदेशी नियतकालिकं बोटीने येत, कित्येक महिने उशिरा. त्यांत उपग्रहांनी मोजलेली वाऱ्याची दिशा छापलेली असे. अक्का ती आपल्या तारखांशी ताडून बघायची. ठिपका नुसता उडी मारून थांबला त्या दिवशी वाऱ्याचं तोंड उत्तरेला असायचं. "दारावर थाप पडली, पण आत कोणी आलं नाही," ती म्हणायची. वादळ झालं त्या दिवशी ते दक्षिणेला. हे सगळं तिने आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात चौथ्या प्रकरणात लिहिलं. सगळं घोडं तिथेच अडलं.

तिचे मार्गदर्शक गलगली सर विद्यापीठात मोठे गृहस्थ. वाईट माणूस मुळीच नव्हे. त्यांच्या हाताखालून चांगली चांगली मुलं गेली होती. पण त्यांचं स्वतःचं नाव ज्या कामावर झालं होतं त्यात भिंत बंदच होती. कण आत येतात ते कडेकडेने घासून, झिरपून, असं त्यांचं म्हणणं. चौथं प्रकरण वाचून त्यांनी यंत्र बघायला येतो असा निरोप धाडला आणि एका रविवारी सकाळी खरंच आले. कोट, धोतर, काळी टोपी.

"तडीरी, सर," अक्का म्हणाली. मार्गदर्शकांनाही सूट नव्हती. त्यांनी किल्ल्या दिल्या, घड्याळ दिलं, पेनसुद्धा दिलं आणि हसत हसत आत गेले. मी माझ्या पाटावर. सर चुंबकाजवळ वाकले, तसा भिंतीवरचा ठिपका जो सटकला तो थेट कोपऱ्यात.

"हे बघा बाई," सर म्हणाले. आवाजात समाधान होतं. "काही नाही, वारा नाही, वादळ नाही, आणि तुमचा ठिपका नाचतोय. असल्या यंत्रावर तुम्ही पृथ्वीला दार पाडायला निघालात?"

अक्का ठिपक्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, आतला खिसा."

"काय?"

"कोटाच्या आतल्या खिशात काय आहे?"

सरांनी खिशात हात घातला आणि अडकित्ता काढला. सुपारीशिवाय त्यांचा एक तास जात नसे, आणि खिशातला अडकित्ता त्यांना अंगाचाच भाग वाटत असणार. "अहो, हा पितळी आहे," ते म्हणाले.

"मूठ पितळी. पातं?"

सर अडकित्ता घेऊन अंगणात गेले. ठिपका जागेवर आला. मी हसले, आणि ते त्यांनी ऐकलं. अक्का हसली नाही. तिला त्यांना खजील करायचं नव्हतं, तिला फक्त ठिपका जागेवर हवा होता.

पण सर परत आले ते वेगळेच होऊन. "बाई, रेषा तुटतात आणि जोडतात म्हणता. रेषा म्हणजे काय सुतळी आहे? आपण समजण्यासाठी कागदावर काढतो त्या. मुळात नसलेली वस्तू तुटेल कशी?"

"नकाशावर डोंगराच्या उंचीच्या रेषा काढतात, त्या तरी जमिनीवर कुठं असतात, सर? म्हणून डोंगर नाही का?"

सरांनी सुस्कारा सोडला. "वाद नको. चौथं प्रकरण काढा, मी उद्या सही करतो. डिग्री घ्या, विद्यापीठात प्रपाठकाच्या जागेवर या, आणि मग काय वाटेल ते लिहा. तुमच्या भल्याचं सांगतोय."

"डिग्री मिळाल्यावर धाडस कर, असं सांगणारे पुष्कळ भेटले, सर," अक्का म्हणाली. "डिग्री मिळाल्यावर धाडस केलेला एक दाखवा. मग काढते चौथं प्रकरण."

सही झाली नाही. त्या वर्षी झाली नाही, पुढच्या वर्षी झाली नाही. प्रपाठकाच्या जागा निघत गेल्या आणि भरत गेल्या. तिच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा प्रपाठक झाला आणि बिचारा तिला चुकवून दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागला. अक्काने त्याला बाजारात गाठून, सगळ्यांसमोर खांद्यावर हात ठेवून अभिनंदन केलं. स्टाफरूममध्ये लोक सल्ला द्यायला टपलेलेच असत. एक जण म्हणाला, "एका प्रकरणाचं काय एवढं घेऊन बसलाय? बायकांनी इतकं ताणू नये." अक्का म्हणाली, "बायकांनी किती ताणावं हे ठरवून द्या, मी मोजून ताणते."

मीही तिला एकदा सांगून पाहिलं होतं. आम्ही उणकलच्या तळ्यावर फिरायला गेलो होतो. म्हटलं, "अक्का, तुला विद्यापीठात प्रयोगशाळा मिळेल, चांगलं यंत्र मिळेल. एक प्रकरण काढलं तर काय बिघडलं?" ती म्हणाली, "नलू, मी ते काढलं तर उरलेल्या प्रकरणांवर माझाच विश्वास राहायचा नाही." तिला ती जागा किती हवी होती ते मला ठाऊक होतं. विद्यापीठाच्या इमारतीवरून बस गेली की ती खिडकीतून मान वळवून पाहायची.

ऐंशीच्या आसपास ती एक दिवस लायब्ररीतून भर उन्हात चालत आली. मी पुढच्या खोलीत होते. "चल, गिरमिट खाऊ," म्हणाली. गल्लीच्या तोंडाशी हॉटेल होतं, तिथे तिने गिरमिटाच्या, म्हणजे तिकडच्या तिखट चुरमुऱ्यांच्या, दोन प्लेटी आणि चार मिरच्या संपवल्या आणि मग सांगितलं. दोन उपग्रह एकामागोमाग एक असे सोडले होते. त्यांनी पृथ्वीच्या क्षेत्राची सीमा ओलांडताना बघितलं होतं की तिथून कणांचे वेगवान झोत सुटतात, अगदी दोरे तुटून जोडले गेल्यावर सुटावेत तसे. "म्हणजे तू बरोबर होतीस!" मी ओरडले. "म्हणजे दार आहे," ती म्हणाली आणि चहा सांगितला.

गलगली सर तोवर निवृत्त व्हायला आले होते. बातमी त्यांच्यापर्यंतही गेली, आणि हे त्यांचं मोठेपण, की ते स्वतः सप्तापूरला चालत आले. "बाई, द्या तुमचं चौथं प्रकरण," म्हणाले. "सही करून मोकळा होतो." प्रबंध गेला. बाहेरच्या परीक्षकांचे अभिप्राय चांगले आले. तोंडी परीक्षेची तारीख लागली, आणि त्याच्या पुढच्याच आठवड्यात प्रपाठकाच्या जागेची मुलाखत होती. वयाच्या अटीत बसणारी ती अक्काची शेवटची संधी. सगळं कधी नव्हे ते जुळून आलं होतं. मी स्वतः रांगेत उभी राहून पेढे आणले.

त्या दिवशी विभागाची खोली भरली होती. गलगली सर पहिल्या रांगेत, मी भिंतीला लागून. बाहेरून आलेले परीक्षक खुशीत होते. त्यांनी दोन-तीन सोपे प्रश्न विचारले, यंत्राचं कौतुक केलं आणि शेवटी इंग्रजीत म्हणाले, आता काही राहिलं नाही, तुम्हाला काही सांगायचं आहे का? ही नुसती रीत असते. उमेदवाराने आभार मानायचे आणि खाली बसायचं.

अक्का म्हणाली, "सांगायचं आहे. चौथ्या प्रकरणात एक चूक आहे."

खोलीत खुर्च्या करकरल्या. गलगली सर पहिल्या रांगेतूनच हलक्या आवाजात मराठीत म्हणाले, "यमुनाबाई, गप्प बसा."

ती फळ्याकडे गेली. "मी लिहिलंय की वाऱ्याचं तोंड उत्तरेला असलं की आत काहीच येत नाही. शून्य. प्रबंध दिल्यानंतर मी उपग्रहांची मोजमापं परत बघितली. उत्तरेच्या दिवसांतसुद्धा सीमेच्या आतल्या अंगाला, कडेकडेनं, सूर्याकडचे कण सापडलेत. थोडे आहेत. पण शून्य नाहीत. माझा ठिपका हलला नाही म्हणून मी शून्य म्हटलं. एवढं थोडं माझ्या यंत्राला कळतच नाही. गलगली सर पहिल्यापासून म्हणतात की कडेनं झिरपतात. तेवढं त्यांचं खरं आहे, आणि ते माझ्या प्रबंधात नाही."

परीक्षक चष्मा काढून पुसू लागले. त्यांनी तिला वाट करून द्यायचा प्रयत्न केला. किरकोळ बाब आहे, पुढे कधी तरी लेखात दुरुस्त करा. अक्का म्हणाली, "किरकोळ नाही. निष्कर्षातलं दुसरं वाक्य त्याच्यावर उभं आहे." मग त्यांचाही नाइलाज झाला. उमेदवार स्वतःच निष्कर्ष चुकीचा म्हणतो, तिथे ते सही कशावर करणार? प्रकरण दुरुस्त करून पुन्हा सादर करावं, असा शेरा पडला.

मला तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. गलगली सर तर उठून फळ्यापाशीच गेले. "आजच सांगायचं होतं? पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे, कळतं का तुम्हाला? माझ्यासाठी केलंत हे?"

"तुमच्यासाठी कशाला करू?" अक्का म्हणाली. "आठ वर्षं मी तुम्हाला सांगत आले की जे दिसतंय ते लिहायचं. आज मला दिसलं."

सरांनी खडू घेतला, तिच्या आकृतीत पृथ्वीच्या दोन्ही कडांना बारीक तुटक रेघा काढल्या, आणि दोघे तिथेच उभे राहून त्या रेघा किती लांब काढाव्यात यावर भांडू लागले.

मुलाखतीला ती बसू शकली नाही. डिग्री पुढे मिळाली, जागा मिळाली नाही. हे मला कारवारला कळलं, कारण त्याच आठवड्यात माझी तिकडे बदली झाली. मी सामान बांधून निघाले तेव्हा ती वर्गात होती. त्यामुळे माझ्या मनात तिची शेवटची म्हणून राहिली आहे ती त्याच दुपारची अक्का.

खोली रिकामी झाली होती. लोक कॉरिडॉरमध्ये घोळक्याने उभे होते आणि तिच्याकडे बघायचं टाळत होते. पेढ्यांचा पुडा माझ्या पिशवीत होता आणि तो कुठे लपवावा मला सुचत नव्हतं. अक्काने येऊन तो माझ्या पिशवीतून काढून घेतला, दोरा सोडला आणि वाटायला सुरुवात केली. आधी परीक्षकांना, मग गलगली सरांना, मग ओळीने सगळ्यांना. लोक ओशाळून घेत होते. दाराशी विभागाचा म्हातारा शिपाई उभा होता. आत काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने दोन्ही हात पुढे करून पेढे कशाचे ते विचारलं, "एन विशेषरी, अक्कार?"

"माझी चूक सापडली," अक्का म्हणाली आणि त्याच्या हातावर दोन पेढे ठेवले.